मोकातले १०९ दरवाजे आणि त्याच गावातल्या नोंदवह्या

संपादक महोदय,

मॉरिशसच्या प्रवासवर्णनांत मोका येथील 'युरेका' हा ऊसमळेवाल्यांचा जुना वाडा हमखास येतो आणि लेख '१०९ दरवाजे' या आकड्यापाशीच थांबतो. हे दरवाजे हौसेखातर केलेले नाहीत. समोरासमोरची दारे उघडली की वारा आरपार जातो. रुंद व्हरांड्यामुळे ऊन आणि पावसाची झड भिंतीपर्यंत पोचत नाही. आगीच्या भीतीने स्वयंपाकघर मुख्य घरापासून वेगळे, तेही दगडी बांधलेले आहे. १८३० च्या सुमाराचे हे घर १८५६ मध्ये ल क्लेझिओ कुटुंबाकडे गेले. आता तिथे संग्रहालय आहे.

अशा लाकडी घरांचे खरे नुकसान बरेचदा दुरुस्तीतच होते. जोत्याचे झरोके सिमेंटने बुजवले, लाकडावर हवाबंद थर धरणारा रंग चढवला किंवा एसीसाठी दारे कायमची लावून घेतली, की आत मुरलेली ओल बाहेर पडत नाही. मग तुळया सांध्यापासून कुजतात, वाळवीला आयते खाद्य मिळते आणि वरचा रंग चकचकीत असल्याने ते कळते फार उशिरा. १९६० च्या 'कॅरोल' चक्रीवादळानंतर तिथे लाकडी घरांच्या जागी काँक्रीट आले, म्हणून उरलेली घरे जपायलाच हवीत.

पण या वैभवामागचा ऊस तोडला कोणी? आधी गुलामांनी आणि १८३४ पासून करारावर नेलेल्या भारतीय मजुरांनी. त्यांत रत्नागिरीकडची, मुंबई बंदरातून गेलेली मराठी माणसेही होती. त्यांच्या नोंदवह्या मोकातच, महात्मा गांधी संस्थेत आहेत. त्यांत मजुराचा क्रमांक, जहाज, नाव, वडिलांचे नाव, वय, उंची, जिल्हा, गाव अशा नोंदी सापडतात. १८६० च्या दशकापासूनची छायाचित्रेही आहेत. शोधात घोटाळा होतो तो स्पेलिंगचा. कारकुनाने कानावर पडेल तसे लिहिले, त्यामुळे एकच गाव तीन प्रकारे आढळते. म्हणून नावापेक्षा क्रमांक आणि जहाज आधी शोधावे. क्रमांक ठाऊक नसेल, तर जन्म-विवाहाचे दाखले पिढीगणिक मागे लावत जावे.

पर्यटन पुरवणीत 'युरेका'चा फोटो छापाल तेव्हा शेजारी या नोंदवह्यांची आणि पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाची माहितीही द्यावी, ही विनंती. १८४९ पासून हे मजूर बोटीतून याच घाटावर उतरले. २००६ पासून तो जागतिक वारसास्थळ आहे.

— एक वाचक, रत्नागिरी