रिकाम्या डब्याचं वजन

प्रिय आई-बाबा,

सप्रेम सलाम.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "प्रार्थना चालू आहे ना?" मी हो म्हणालो. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. फोनवर सांगायला जीभ रेटली नाही, म्हणून लिहितोय.

आमच्या साखर कारखान्याच्या काट्यावर उसानं भरलेली ट्रॉली चढते, वजन पडतं. ऊस खाली करून ती परत येते, मग रिकामीचं वजन. दोन्हींतला फरक तो ऊस. जानेवारीत एका रात्री ट्रॅक्टरची रांग पार गेटबाहेर गेली, ड्रायव्हर थंडीत शिव्या घालत होते. एका ट्रॉलीचं रिकामं वजन मी घेतलंच नाही, आदल्या दिवशीचंच टाकलं. आदल्या दिवशी तिच्या चाकांना ओला चिखल होता. पुढच्या खेपेला कळलं, 40 किलो ऊस कागदावर आलाच नाही. ऊसतोड टोळीला तोडणीचे टनाला 366 रुपये, म्हणजे त्यांचे पंधराएक रुपये गेले. शेतकऱ्याचे त्याहून जास्त. चहा-वडापावचे पैसे, म्हणून मी सोडून दिलं. झोपही छान लागली. त्या झोपेचीच मला नंतर भीती वाटली.

आई, तापातून उठल्यावर माझी अन्नावरची वासना उडायची, तेव्हा तू भूक लागायची वाट बघायची नाहीस. मऊ भात-मेतकूट पुढ्यात ठेवायचीस, "दोन घास खा, मग लागेल भूक." 'नीतिमत्त्वाचे भुकेले व तान्हेले' हे बायबलमधल्या मत्तयातलं वचन आपल्या घरी इतक्यांदा वाचलं, पण त्यातला भुकेला माणूस पोट भरलेला नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आणि मला तर भूकही नव्हती.

फेब्रुवारीत प्रभुभोजनाला भाकरीचा तुकडा हातात आला आणि आधी भावाशी समेट कर, मग अर्पण वाहा, हे येशूचं सांगणं आठवलं. तुकडा घामानं ओला झाला. खाल्ला, पण सोमवारी त्या टोळीच्या मुकादमाला गाठलं. बायबलमधल्या जक्कय जकातदारानं लुबाडलेलं चौपट परत द्यायचं म्हटलं होतं, त्या हिशोबानं साठ रुपये खिशात! (इतक्या स्वस्तात सुटका, असं मनात आलंच, लपवत नाही.) मुकादम हसला. मग विडी विझवून म्हणाला, "अन् बाकीच्या खेपांचं काय, साहेब?"

ते मला सुचलंच नव्हतं. दोन रात्री बसून पावत्या काढल्या, तशाच आणखी तीन सापडल्या. दोन दुरुस्त झाल्या, तिसरीवर अजून माझ्या वरच्या साहेबांची सही नाही. ते म्हणतात, जुनं कशाला उकरतोस. आता प्रत्येक रिकामी ट्रॉली तोलतो. रांग वाढते, शिव्याही वाढल्यात, आणि खरं सांगायचं तर काही रात्री माझंही मन होत नाही. तरी तोलतो.

बाबा, गिरणीत दळण घ्यायच्या आधी तुम्ही गिऱ्हाइकाचा डबा रिकामा करून तोलायचात. "राहू द्या हो" म्हटलं तरी तोलायचात. मला तो तुमचा हट्ट वाटायचा. तुमचंही कधी चुकलं होतं का, म्हणून सुरू केलंत? आलो की विचारणार आहे, टाळू नका.

हंगाम संपला की येतो. आई, रक्तदाबाची गोळी विसरू नकोस, आणि मेतकूट करून ठेव.

तुमचा,
धाकटा