त्रिनिदादचे ताबूत

महोदय,

मोहरमवरील लेख आवडला, पण त्यात कॅरिबियन समुद्रातले त्रिनिदाद बेट राहून गेले. नोकरीनिमित्त तिथे असताना सेंट जेम्स भागात ‘होसे’ची, म्हणजे तिथल्या मोहरमची, मिरवणूक पाहिली. बांबू-कागदाचे ताजिये, ताशांचा कडकडाट, आणि ओढणाऱ्यांत हिंदूही. अगदी आपल्याकडच्या ताबुतांसारखेच! उसाच्या मळ्यांवर करारावर नेलेल्या हिंदुस्थानी मजुरांनी हा सण तिकडे रुजवला. ३० ऑक्टोबर १८८४ रोजी सान फर्नांडो शहरात शिरू पाहणाऱ्या मिरवणुकांवर ब्रिटिश सरकारने गोळ्या झाडल्या, कित्येक मजूर मेले. निमित्त मिरवणुका शहरात आणण्यावरच्या बंदीहुकमाचे, खरी धास्ती मळ्यांतल्या संपांची असावी. आमच्या शेजारच्या आजोबांना गोळीबाराची जागा ठाऊक होती. शाळेत मात्र त्यांनी इंग्लंडच्या राजांच्या सनावळ्याच घोकल्या!

— एक वाचक, मिरज