वहीत न येणाऱ्या विनंत्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारी देवाच्या दारी गोड बोलणारी माणसे सोमवारी वेगळीच असतात, अशा आशयाचे एका वाचकाचे पत्र आपल्या अंकात वाचले. त्यांचा रोख सगळ्याच धर्मांवर होता. मी ख्रिस्ती आहे, तेव्हा माझ्यापुरते लिहितो. पत्रातला ‘ढोंग’ हा शब्द मला झोंबला. झोंबला, म्हणजे कुठेतरी बरोबर बसला असणार.

गेली अकरा वर्षे आमच्या मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, प्रार्थनाविनंत्यांची वही माझ्याकडे आहे. उपासनेआधी मी ती दाराशी ठेवतो, लोक लिहितात, मग मंडळीच्या ज्येष्ठ कारभाऱ्यांपैकी एकजण पुढे उभे राहून वाचतात. गुडघा, मोतीबिंदू, पित्ताशयातले खडे, परीक्षा, मुलाखत, मुलीचे लग्न, प्रवास. ‘मला दारू सुटत नाही’ ही ओळ अकरा वर्षांत एकदाही आलेली नाही. ‘चार महिने झाले, प्रार्थना करावीशीच वाटत नाही’ हीही नाही. पण हे सगळे मी ऐकलेले आहे. उपासना सुटल्यावर, चपला घालता घालता, इकडेतिकडे बघत हळूच सांगितलेले.

लोक लिहीत नाहीत त्याला कारण आहे. एका बाईंनी एकदा धीर करून नवऱ्याच्या कर्जाबद्दल एका भगिनीला सांगितले. बुधवारच्या प्रार्थनासभेपर्यंत तीन घरांना रक्कमसुद्धा ठाऊक झाली होती. प्रत्येकाने पुढच्याला सांगताना सुरुवात एकच केली होती : ‘प्रार्थनेसाठी म्हणून सांगते हं.’ कुचाळकीला इतके पवित्र कापड आमच्याशिवाय कुणी नेसवले नसेल. त्या बाई अजून येतात, पण शेवटच्या बाकावर बसतात आणि आशीर्वचन संपायच्या आत निघतात.

बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात, 5व्या अध्यायाच्या 16व्या वचनात सांगितले आहे की आपली पातके एकमेकांजवळ कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा. यातला दुसरा भाग आम्ही मनापासून पाळतो. पहिला पाळकसाहेबांच्या मागे एकसुरात म्हणायच्या पापांगीकारात उरकतो. तिथे ‘आम्ही’ चुकलेलो असतो, त्यामुळे ‘मी’ सुटतो.

मी स्वतःही सुटत आलो आहे. एका तरुणाने मला सांगितले होते की सकाळी उठावेसेच वाटत नाही, देव ऐकत नाही असे वाटते. मी त्याला म्हणालो, विश्वास कमी पडतोय. खांद्यावर हात ठेवून म्हणालो, म्हणजे ते जास्तच लागले असेल. आज लाज वाटते ती या गोष्टीची की मी तेव्हाही बायबल रोज वाचत होतो. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून ‘आता मला मरू दे’ म्हणाला, तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिले, दूताच्या हातून भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खायला दिले. ‘तू इथे काय करतोस?’ हा प्रश्न चाळीस दिवसांनी आला. मी त्या मुलाला साधे ‘डॉक्टरांना दाखवलेस का, जेवतोस का’ एवढेही विचारले नाही.

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतली 150 स्तोत्रे पाहिली तरी त्यांत विलापाचा वाटा केवढा मोठा आहे! 88वे स्तोत्र तर अंधारातच संपते, शेवटी आभार मानण्याचा उपचारही नाही. आमच्याकडे साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केले ते सगळ्यांपुढे सांगायला, उभा राहिलेला माणूस मात्र ‘आणि प्रभूने मला सोडवले’पर्यंत पोचलाच पाहिजे. अजून मधेच असेल त्याला माइक मिळत नाही. प्रेषित पौलाने आपल्या शरीरातला काटा, म्हणजे सतत सलणारा त्रास, निघावा म्हणून तीनदा विनंती केली आणि तो निघाला नाही. आमच्या साक्षीच्या वेळेत पौलाचा नंबर लागला नसता. मदर तेरेसांना कित्येक दशके देव दूर गेल्यासारखा वाटत होता, हे 2007 साली त्यांची पत्रे प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळले. काहींनी त्यालाही ढोंग म्हटले. मला उलट वाटते. काही जाणवत नसताना त्या पहाटे उठून कामाला लागत होत्या, हे मला पुष्कळ साक्षींहून खरे वाटते.

आता माझी ओळ. वडिलांच्या घरावरून माझे आणि धाकट्या भावाचे तीन वर्षे बोलणे नाही. आम्ही एकाच मंडळीत आहोत. प्रभुभोजनाचे, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर-द्राक्षारस घेण्याच्या विधीचे, पेले फिरवायचे काम माझ्याकडे असते, त्यामुळे महिन्यातून एकदा मी त्याच्यापुढे ट्रे धरतो आणि त्याच्या मागच्या खिडकीकडे बघतो. भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले तर अर्पण वेदीपुढेच ठेवून आधी समेट करायला जा, हे प्रभूचे वचन मला तोंडपाठ आहे. शब्बाथशाळेत, म्हणजे मुलांच्या बायबलच्या वर्गात, मीच मुलांकडून पाठ करून घेतो.

दोन महिन्यांपूर्वी मी वहीत लिहिले : ‘भावाशी तीन वर्षे अबोला आहे. चूक माझीही आहे. प्रार्थना करा.’ खाली नाव लिहिले. वही वाचणाऱ्या ज्येष्ठांनी ओळीवर बोट ठेवले, थांबले, आणि म्हणाले, ‘एका कुटुंबाच्या अडचणीसाठी.’ मला वाचवायलाच ते तसे म्हणाले, राग नाही. भाऊ तिसऱ्या बाकावर होता. त्याला कळले की नाही, मला माहीत नाही. त्याच्या घरी अजून गेलेलो नाही, हेही लिहून टाकतो, नाहीतर हे पत्र म्हणजे दुसरी साक्ष व्हायची.

त्यानंतर वहीत अशा दोन ओळी आल्या आहेत. काय, ते इथे सांगणार नाही. वही बंद करून पिशवीत कशी ठेवायची, हे मी अकरा वर्षांनी शिकतो आहे.

आपला,
एका मंडळीचा वहीवाला