कृष्णाकाठ उलगडून दाखवणाऱ्या ओगलेवाडीच्या काकांस

आदरणीय काकांस,
साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

कृष्णाकाठचे जुने वाडे, बागांच्या खुणा आणि कारखाने पाहण्यासाठी निघालेल्या आम्हां सांगलीकरांबरोबर आपण उन्हातान्हाची तमा न बाळगता फिरलात, याबद्दल सर्वांच्या वतीने मनःपूर्वक आभार मानते. आपण नसता, तर मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा पाहून आणि १७३९ च्या विजयानंतर वसईहून आलेल्या घंटेपुढे फोटो काढून आम्ही समाधानाने परतलो असतो.

लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीवर आम्ही सगळे थेट आतल्या महालाकडे धावलो. आपण मात्र वरच थांबवून घेतलेत. वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधवून घेतलेली ही विहीर आमराईला पाणी देण्यासाठी होती, हे सांगून आपण मोटेच्या दगडी जागांपाशी उभे राहिलात आणि बैल धावेच्या उतारावरून उतरताना मोटेचा नाडा, म्हणजे दोर, कसा ताणला जातो, चामड्याची मोट वर येऊन थारोळ्यात, म्हणजे दगडी कुंडात, कशी रिती होते, तेथून पाणी पाटाने झाडांच्या आळ्यांत कसे जाते, हे हातवारे करून दाखवलेत. (त्या वेळी आपणच बैल झाला होतात, हे आमच्यातली लहान मुले अजून सांगतात.) महालातली शिल्पे नंतर पाहिली, खरे सांगायचे तर तोवर आमचे लक्ष वरच्या दगडांतच गुंतले होते.

संगम माहुलीचे विश्वेश्वर मंदिर ज्या पंतप्रतिनिधी घराण्यातील श्रीपतरावांनी उभारले, त्याच घराण्याच्या औंध संस्थानाने पुढे लक्ष्मणराव किर्लोस्करांना जागा दिली आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसून तेथे लोखंडी नांगर तयार होऊ लागले, हा धागा आपण जोडून दिला नसता, तर मंदिर आणि कारखाना आमच्यासाठी दोन वेगळ्या सहलींचेच विषय राहिले असते.

ओगलेवाडीत आपल्या घरी पाहिलेल्या, तिथल्याच ओगले काच कारखान्यात बनलेल्या प्रभाकर कंदिलाचा उल्लेख राहून चालणार नाही. आपण त्याची काच उजेडात धरून आतला बारीक बुडबुडा दाखवलात आणि भट्टीवर काम करणाऱ्या आपल्या वडिलांनी सांगितलेल्या आठवणी ऐकवल्यात. त्या आठवणी आपण लिहून ठेवाव्यात, अशी विनंती आहे. आपण सांगत गेलात, तर लिहून घेण्याचे काम आमच्यातले कोणीही आनंदाने करील, कळवावे.

आपली कृतज्ञ,
सांगलीची एक सहप्रवासी