न मोजलेलं बीपी

चि. सोनूस,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुझा मेसेज मी आणि पप्पांनी नीट वाचला. त्यात दोन निरनिराळ्या भीती आहेत आणि तू त्यांची गाठ मारून ठेवली आहेस. एक म्हणजे डबा उघडल्यावर डोळे मिटायला संकोच वाटतो, कारण कुणीतरी विचारतं, "तुम्ही कन्व्हर्टेड का?" दुसरी वॉर्डातली. न मोजलेलं बीपी चार्टवर भरून टाक असं सिनियर सिस्टर सांगतात, आणि नाही म्हटलं तर प्रोबेशन अडकेल असं तुला वाटतं.

पहिलीची मला फारशी काळजी नाही. प्रार्थना मनातल्या मनातही पोचते. कुणी विचारलंच तर सरळ सांग की हो, ख्रिस्ती आहोत, पणजोबांपासून आहोत. आपल्या अहमदनगरात ज्ञानोदय हे मराठी ख्रिस्ती नियतकालिक १८४२ साली निघालं, ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं म्हणत तू मोठी झालीस. मराठीपण कुणाकडून उसनं आणायची आपल्याला गरज नाही. एवढं बोललीस की बहुतेक लोक गप्प होतात, काही तर मैत्री करतात.

दुसरीने मात्र मला झोप लागली नाही. ऑपरेशन झालेल्या त्या आजोबांचं बीपी रात्री दर दोन तासांनी बघायचं होतं. कुणी बघितलं नाही, आणि पहाटे ओळीने आकडे भरायचे. सकाळच्या राउंडला डॉक्टर त्याच आकड्यांकडे बघून औषध कमी-जास्त करणार. आजोबांना यातलं काहीच ठाऊक नाही, ते तुझ्या भरवशावर झोपलेत. शेजाऱ्यावर प्रीती करा हे आपण रविवारी मोठ्याने वाचतो. तुझा शेजारी त्या रात्री त्या कॉटवर होता. ख्रिस्ताचा साक्षीदार व्हायची वेळ अशीच येते गं, आणि तिथे त्याचं नाव उच्चारायचीही गरज पडत नाही.

तू लिहिलंस, "माझा विश्वासच कमी असेल, म्हणून हात कापतात." हे मला मान्य नाही. येशूचा प्रेषित पौल, त्याच्याकडे बघ. फिलिप्पैत त्याला फटके मारून तुरुंगात टाकलं, थेस्सलनीकातून रातोरात निघावं लागलं, बिरुयातही लोक मागे आले. मग तो करिंथला पोचला. त्या दिवसांबद्दल त्याने स्वतःच करिंथकरांना लिहिलंय की मी तुमच्याकडे अशक्त, भ्यालेला, थरथरत आलो होतो. पौल, आणि थरथरत! प्रेषितांची कृत्ये, अठरावा अध्याय काढून बघ. प्रभू रात्री दर्शनात त्याला सांगतो की भिऊ नकोस, बोलत राहा, गप्प बसू नकोस. भ्यालेल्या माणसालाच हे सांगावं लागतं. आणि तिथे तो एकटा नव्हता. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या नवराबायकोच्या घरी राहून तो त्यांच्याबरोबर तंबू शिवत होता. तो दीड वर्ष करिंथात राहिला. तुझ्या वॉर्डातही एखादी प्रिस्किल्ला असेल. ती शोध.

आता पंडिता रमाबाईंचं सांगते, कारण तूही पुण्यातच आहेस आणि गोष्ट इस्पितळाचीच आहे. त्यांनी दुष्काळात मुली वाचवल्या, हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं भाषांतर केलं, हे तुला माहीत आहे. हे मात्र कमी सांगितलं जातं. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. सरकारी प्लेग इस्पितळात बायका-मुलींना कसं वागवलं जातं, ते रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन' या पत्रात उघड लिहिलं. सरकारने ते फेटाळलं. त्या वेळी त्यांची जागा काय होती, याचा विचार कर. १८८३ साली बाप्तिस्मा घेतल्यापासून पुण्यातले कितीतरी लोक त्यांच्यावर नाराज होते, मुली आणि विधवांसाठी त्यांनी काढलेल्या शारदा सदन या शाळेवरून तर वादळ झालं होतं. आणि राज्यकर्ते ख्रिस्ती. त्यांना सांभाळून घेणं किती सोयीचं होतं! माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं धैर्य हेच. आपल्या धर्माचं सरकार आहे म्हणून त्या आजारी बाईच्या बाजूने बोलायच्या थांबल्या नाहीत.

तुला वर्तमानपत्रात लिहायचं नाही. तुझं काम लहान आहे, पण ते आज रात्रीच करायचं आहे. सिस्टर म्हणाल्या, "भरून टाक," तर शांतपणे सांग, "मी मोजलेलं नाही, मी लिहू शकत नाही. आत्ता मोजते आणि आत्ताची वेळ टाकते." राहिलेले रकाने रिकामेच ठेव. आवाज चढवू नकोस, उपदेश तर अजिबात नको. त्या बाईंनाही एका रात्रीत किती पेशंट बघावे लागतात हे तूच लिहिलंस. म्हणून आधी त्यांच्याशी एकटीने बोल. भावाचा अपराध त्याला एकांतात सांग, असं प्रभूने मत्तयात सांगितलंय, ते अशाच वेळेसाठी. तरी चालूच राहिलं तर मेट्रनकडे जा. तक्रार सिस्टरांची करू नकोस, दोन नर्सवर इतका वॉर्ड झेपत नाही हे सांग. सोबत कुणी असेल तर बरं, नसेल तर एकटी जा.

जायच्या आधी मला वेळ कळव. त्या वेळी मी आणि पप्पा प्रार्थनेला बसू. गेथशेमाने बागेत येशूनेही तिघा शिष्यांना बरोबर नेलं होतं आणि माझ्याबरोबर जागे राहा म्हणून विनवलं होतं. ते झोपले, आम्ही झोपणार नाही.

आणि प्रोबेशन वाढलं तर वाढू दे. रूमचं भाडं पप्पा भरतील, त्यांनी स्वतःहून सांगितलंय. शनिवारी ते पुण्याला येताहेत, तुझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी देते. डबा दोघींचा देते, रूममेटला उपाशी ठेवू नकोस.

तुझी,
आई