दुखत नाही म्हणून

लीड्स, इंग्लंड,
१ मार्च

ती. बाबा आणि ती. आईस,
शि. सा. नमस्कार.

इकडे सगळं ठीक आहे. थंडी ओसरली, जेवण वेळेवर होतं, तिळगुळाचा डबा अर्ध्यावर आलाय. आई, मी बारीक झालेली नाही. फोन वरून धरला की गाल बसलेले दिसतात, खालून धरला की भरतात. पुढच्या वेळी खालून धरते.

हे पत्र बाबांच्या पायाबद्दल आहे. फोनवर पायाचा विषय निघाला की बाबा हवामानावर जातात, म्हणून लिहून पाठवतेय. आई, तू मोठ्यानं वाच. बाबा, पेपर खाली ठेवा.

संक्रांतीच्या आठवड्यात पाय मुरगळला, त्याला आता सहा आठवडे होऊन गेले. सूज संध्याकाळी येते, सकाळी थोडी उतरते, पण जात नाही. आणि तुमचं उत्तर ठरलेलं: "काही नाही होत बाप्पा, चालून तर राहिलो नं." बाबा, दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर मी अर्धं मान्य केलं असतं. तुम्हाला चौदा वर्षांपासून शुगर आहे, म्हणून हेच वाक्य मला नको वाटतं.

आधी साधा पाय कसा बरा होतो ते सांगते. घोट्याच्या बाहेरच्या बाजूचा लिगामेंट ताणला तर पहिले दोन-तीन दिवस वाईट जातात, दोन आठवड्यांत बराच फरक पडतो आणि सहा आठवड्यांच्या आसपास माणूस नीट चालायला लागतो. संध्याकाळची थोडी सूज तीन महिनेही रेंगाळू शकते, त्यात घाबरण्यासारखं नाही. म्हणजे आम्ही फिजिओथेरपिस्ट सूज आहे की नाही एवढंच बघत नाही, ती कुठल्या दिशेनं चाललीय ते बघतो. हा आठवडा मागच्यापेक्षा बरा आणि मागचा त्याआधीच्यापेक्षा बरा असेल, तर थांबायला हरकत नाही. दोन आठवडे एकाच जागी अडकलं, तर दाखवायचं. तुमचं मागचे तीन आठवडे "तसंच आहे" चाललंय.

पाय मुरगळल्यावर एक्स-रे काढायचा की नाही, हे ठरवायला जगभर कॅनडातल्या ओटावाचा नियम वापरतात. दुखापतीनंतर लगेच आणि दवाखान्यात गेल्यावरही चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांची मागची कड किंवा टोक दाबल्यावर दुखलं, तर एक्स-रे. पावलाच्या बाहेरच्या कडेला साधारण मध्यावर, करंगळीकडून मागे येताना एक टेंगूळ लागतं. ते दुखलं तरी एक्स-रे. आतल्या बाजूला, घोट्याच्या जरा पुढे जे उंचवट्याचं हाड आहे, त्याचंही तसंच. तुम्ही त्या दिवशी पायऱ्या उतरून ऑटोपर्यंत चालत गेलात, म्हणून छोटू म्हणतो की बाबा नियमात पास झाले. छोटूनं नियम अर्धाच वाचलाय. तो ताज्या दुखापतीसाठी आहे, पहिल्या दहा दिवसांतल्या. आणि ज्याच्या पायाची संवेदना कमी झालीय, त्याच्यावर तो भरवशाचा राहत नाही. दाबल्यावर दुखतं का हे विचारायला आधी दुखलेलं कळावं तर लागतं!

शुगर बरीच वर्षं असली की नसा खराब होतात, आणि सगळ्यात लांब नसा आधी. पायाच्या बोटांपर्यंत जाणाऱ्या नसा शरीरात सगळ्यात लांब, म्हणून बधिरपणा मोजे घातल्यासारखा बोटांपासून वर चढतो. माणसाला तो जाणवत नाही, कारण जाणवायचं कामच ज्यांचं त्याच बंद पडलेल्या असतात. अशा पायात हाड मोडलं तरी माणूस चालतो, फिरतो, भाजी आणतो.

यातला एक प्रकार मुद्दाम लिहितेय, कारण तो मुरगळण्यासारखाच दिसतो. त्याला चार्को फूट म्हणतात. चार्को हे फ्रेंच डॉक्टर. नसा गेलेल्या रुग्णांचे सांधे कसे मोडतात हे त्यांनी १८६८ साली लिहून ठेवलं. किरकोळ मार लागतो, तिथे दाह सुरू होतो आणि आतलं हाड मऊ पडू लागतं. दुखत नसल्यामुळे माणूस त्याच पायावर वजन टाकत राहतो, त्यानं आणखी बारीक मोडतं, दाह वाढतो, हाड आणखी मऊ होतं. हे चक्र थांबलं नाही तर पावलाची कमान बसते, तळवा मध्येच फुगीर होतो, तिथे घासून जखम होते. वेळेवर कळलं तर उपाय साधा पण कंटाळवाणा: पायाला साच्यासारखं प्लास्टर आणि काही महिने पायावर भार नाही. सुरुवातीला एक्स-रे अगदी नॉर्मल येऊ शकतो. म्हणून अनेकदा हे मुरगळणं, गाऊट (युरिक ॲसिडची सांधेदुखी) नाहीतर इन्फेक्शन समजून पाय गोळ्यांवर राहतो.

बाबा, तुम्हाला हेच झालंय असं मी म्हणत नाही. बहुतेक नसेलच. पण ते नाही हे लीड्समधून ठरवता येत नाही आणि आपल्या ओसरीवरूनही येत नाही.

आई, आता दोन गोष्टी तू करायच्या. दोन्हींना मिळून पंधरा-वीस मिनिटं लागतील.

पहिली म्हणजे हात लावून बघणे. बाबांचे मोजे, क्रेप बँडेज काढ, दोन्ही पाय दहा मिनिटं उघडे ठेव. मग हाताची मागची बाजू, पोळी गरम आहे का बघताना लावतेस तशी, आधी बऱ्या पायाला लाव, मग सुजलेल्या पायाच्या त्याच जागी. दुखरा पाय स्पष्ट गरम लागला तर मला फोनही करू नको, सरळ डॉक्टरकडे न्यायचं आणि तोवर त्या पायावर चालणं बंद. दवाखान्यात हेच थर्मामीटरनं मोजतात. दोन पायांत दोन अंश सेल्सिअसहून जास्त फरक असला तर आत दाह आहे असं धरतात.

दुसरी चाचणी स्पर्शाची, इंग्लंडमधल्या इप्सविच गावाच्या नावानं ओळखतात. बाबांना पलंगावर झोपव, डोळे मिटायला सांग. बोटाच्या टोकानं त्यांच्या पायाच्या बोटाला अलगद शिवायचं, एक-दोन सेकंद. दाबायचं नाही, गुदगुली करायची नाही. जाणवलं की त्यांनी "उजवा" किंवा "डावा" म्हणायचं. क्रम असा: उजवा अंगठा, उजवी करंगळी, डावा अंगठा, डावी करंगळी, उजवं मधलं बोट, डावं मधलं बोट. एकदा चुकलं की पुन्हा संधी नाही. बाबा म्हणतील "परत लाव, लक्ष नव्हतं", ऐकू नको. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर संवेदना कमी झालीय असं समजायचं. सगळं कळलं तर चांगलंच आहे, पण तरी या आठवड्यात दाखवायचंच. सूट मिळावी म्हणून ही चाचणी नाही.

तोवर काही गोष्टी बंद. मोहरीच्या तेलाची मालिश बंद. तो इतवारीतला हाड बसवणारा तर अजिबात नको. गरम पाण्यात पाय बुडवून बसणंही नको. बधिर पायाला पाणी किती गरम ते कळत नाही आणि फोड आलेला दुसऱ्या दिवशी दिसतो. क्रेप बँडेज रात्री काढायचं, कारण वर घट्ट आणि खाली सैल बांधलं की सूज बोटांत उतरते. मेडिकलवाल्यानं दिलेल्या डायक्लोफेनॅकच्या, म्हणजे दुखणं थांबवायच्या, गोळ्या आपल्या मनानं घेऊ नका. शुगर आणि बीपी असलेल्या माणसाच्या किडनीला त्या जड जातात. अंबाझरीच्या फेऱ्या तूर्त बंद. घरातही अनवाणी नको, अंगठ्याची स्लीपरही नको. मागून पट्टा असलेली, मऊ रबरी तळव्याची चप्पल, जिला एमसीआर म्हणतात, ती घ्या, आणि घालण्याआधी रोज आत हात फिरवून खडा वगैरे नाही ना ते बघा.

आणि उन्हाळा आलाच. मागच्या वर्षी कुरडया वाळत घालायला बाबा भर दुपारी अनवाणी गच्चीवर गेले होते आणि "काही चटका नाही लागला" असं कौतुकानं सांगत होते. मेमधल्या नागपूरच्या गच्चीचा चटका लागत नाही, हे कौतुक नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं. रोज लोकांचे पाय बघते आणि घरचा राहिला.

आता इथली एक गंमत. बाबांना इथली पद्धत फार आवडेल. इथे डॉक्टरकडे जाणं म्हणजे डॉक्टरला त्रास देणं असं लोक मानतात. सकाळी बरोबर आठला फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्याची लाइन उघडते. आठ वाजून एक मिनिटानं लावलात तर तुमच्या पुढे वीस माणसं, आणि फोनवर गाणं वाजत राहतं. मग रिसेप्शनवरची बाई विचारते, काय होतंय? हो, तिला सांगायचं. आपल्याकडे कंपाउंडरनं असं विचारलं तर लोक म्हणतील, तुला काय करायचं, नंबर लाव. इथे ती विचारते, कारण तुम्हाला डॉक्टरकडे पाठवायचं, नर्सकडे, औषधांच्या दुकानात की आमच्यासारख्या फिजिओकडे, हे तिथेच ठरतं. घसा, कान असल्या काही तक्रारींचं औषध तर दुकानातला फार्मासिस्टच देऊ शकतो. आणि शेवटी आत गेलेला माणूस खुर्चीत बसायच्या आधी माफी मागतो: बहुतेक काही नाहीये, उगाच तुमचा वेळ घेतोय. तीन महिने लंगडत असतो आणि माफी मागतो! पहिल्या वर्षी मला वाटायचं थट्टा करताहेत. नाही, मनापासून म्हणतात.

पण याच देशात शुगरच्या रुग्णाचा पाय सुजून गरम झाला किंवा त्यावर जखम झाली, तर एका कामाच्या दिवसात त्याला पायाच्या खास टीमकडे पाठवायचं असा नियम आहे. तिथे कुणी माफी मागत नाही. आणि तुमच्याकडे धंतोली-रामदासपेठेत दर दोन घरांआड दवाखाना आहे, संध्याकाळी गेलं की त्याच दिवशी डॉक्टर भेटतात. मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल आहे, मिहानला एम्स आहे. तुम्हाला सबब नाही, बाबा.

आई, तू विचारलंस की तिथे डॉक्टर असे मिळत असतील तर तुला काही झालं तर काय. काही होत नाही. रात्री-अपरात्री १११ या आरोग्य हेल्पलाइनवर फोन लावता येतो, तातडीचं असेल तर ॲम्ब्युलन्स येते. मी दवाखान्यातच नोकरी करते, विसरू नको.

हाडांच्या डॉक्टरकडे गेल्यावर पहिलं वाक्य "पाय मुरगळला" हे नको. पहिलं वाक्य: "चौदा वर्षांपासून शुगर आहे आणि सहा आठवडे पाय सुजलाय." मग बाकीचं. सोबत एचबीएवनसीचा (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा) शेवटचा रिपोर्ट, सगळ्या गोळ्यांची पानं आणि रोजची जुनी चप्पल न्या. ती कुठे झिजलीय त्यावरून वजन कुठे पडतं ते दिसतं. एक्स-रे उभं राहून, दोन्ही पायांचा मागा. झोपून काढलेल्या फोटोत मधल्या हाडांमधली फट कधीकधी दिसत नाही, वजन पडलं की उघडते. बधिरपणासाठी दहा ग्रॅमच्या नायलॉनच्या तारेनं तपासतात, ते झालं का बघा. आणि स्पष्ट विचारा, "चार्को तर नाही?" डॉक्टरांना राग येणार नाही. एक्स-रे नॉर्मल आला तर पेढे वाटू नका. पाय गरम असेल तर एमआरआय लागेल का ते विचारा.

जखम, पू, काळेपणा, पसरणारी लाली, ताप, किंवा पाऊल गार आणि पांढरं पडलं तर डॉक्टरांची वेळ बघत बसायचं नाही, त्याच दिवशी कॅज्युअल्टी. पोटरी सुजून दुखली किंवा दम लागला तरीही.

छोटूच्या लग्नाच्या पत्रिका वाटायला बाबा काटोल, उमरेड, वर्धा करणार असं ऐकलं. करायचं नाही. छोटू आणि मामा जातील. जवळच्यांना फोन करा, कुणी रुसणार नाही. आत्या रुसेल, तिला मी समजावते. काल खात्यात चाळीस हजार टाकलेत, ते पायाचे. हॉलच्या उरलेल्या पैशांत मिसळू नका, हॉलचे मी पुढच्या महिन्यात वेगळे पाठवते. माझ्या कर्जाचा हप्ता आता इथूनच परस्पर जाईल, तशी सोय केलीय. त्यासाठी कुणीही बँकेत जायचं नाही. त्या पायऱ्या तुम्ही माझ्याच कागदासाठी उतरत होतात, हे आईनं सांगितलं नसतं तर मला कळलंही नसतं.

रजा नऊ दिवसांची मंजूर झाली. हळदीच्या आदल्या रात्री पोचेन. जास्त मागितली होती. आई, त्या पुण्याच्या स्थळाचं तेव्हा बोलू. नाही म्हणत नाहीये, पण लग्नाच्या मांडवात मला कुणाला दाखवू नकोस.

छोटूला आशीर्वाद, आजीला नमस्कार.

तुमची,
ताई

ता. क. आई, एक्स-रेच्या रिपोर्टचा नको, फिल्मचाच फोटो पाठव. दिवसा खिडकीच्या काचेला चिकटवून काढ. ट्यूबलाइटसमोर मधे पट्टा येतो आणि नेमकं तेच हाड दिसत नाही.