होडी रंगवण्याआधीचं काम शिकवणाऱ्या मिस्त्रीकाकांना

मिस्त्रीकाका,
सप्रेम नमस्कार.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या आणि रंग उरकायची सगळ्यांना घाई. अशा दिवसांत आमच्या फायबरच्या होड्यांजवळ बसून तुम्ही रंगाआधीचं काम समजावलंत. त्याबद्दल आम्ही सारे तुमचे मनापासून आभारी आहोत.

सगळ्यात मोलाचं तुमचं सांगणं: आधी धुणं, मग घासणं. डिझेल, ग्रीस, माशांचं तेल होडीच्या अंगावर असताना पॉलिश पेपर फिरवला की ते ओरखड्यांत बसतं. मग महागडा रंगही तिथे धरत नाही, गोल खळगे पडतात. म्हणून साबण आणि गोडं पाणी. सुकल्यावर थिनरचं फडकं, आणि थिनर उडायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपणं. फडकं सारखं बदलायचं, नाहीतर तेल नुसतंच पसरतं. शेवटी पाणी शिंपडून बघायचं. ते सलग पसरलं तर अंग स्वच्छ, थेंब-थेंब झालं तर पुन्हा पुसा. मीठही धुऊन निघालंच पाहिजे, कारण रंगाखाली राहिलेलं मीठ ओल ओढतं आणि फोड आणतं.

हाताला पांढरी भुकटी लागते तो जेलकोट, म्हणजे फायबरवरचा गुळगुळीत वरचा थर, उन्हाने संपलेला. ८० नंबरच्या पेपरने टणक थर लागेपर्यंत घासायचा, मग १२०; प्राइमर सुकल्यावर २२०. तळाचा जुना, शिंपले धरू न देणारा रंग मात्र कधीच कोरडा घासायचा नाही. त्यात बहुधा तांबं असतं, धूळ छातीत जाते. पाणी मारत घासा, तोंडाला मास्क लावा, गाळ ताडपत्रीवर गोळा करा. हे तुम्ही बजावलंत ते फार बरं केलंत.

पाण्याखालच्या भेगांना गाडीच्या पत्र्याला भरतात ती लांबी (पुट्टी) चालत नाही, ती पाणी पिते. तिथे इपॉक्सीचीच लांबी हवी. ती कडक झाल्यावर वर चिकट साय येते. ती पाण्याने घासून धुतल्याशिवाय पेपर लावायचा नाही.

आणि ओल! फूटभर प्लास्टिक होडीच्या अंगावर चारही बाजूंनी टेपने बंद करून रात्रभर ठेवायचं. सकाळी आतून थेंब दिसले तर होडी अजून सुकलेली नाही, थांबायचं. पावसाळ्यात हे थांबणंच सगळ्यात जड जातं. तरीही हवेत ८५ टक्क्यांवर दमटपणा असेल तर रंगाचा डबा उघडायचा नाही, हे तुमच्यामुळे आता इथल्या पोरांनाही पटलंय.

आपले ऋणी,
बंदरावरचे होडीवाले